चौकशीची चौकशी

आमच्या वडीगोद्रीत पाच ठिकाणी भाव केल्याशिवाय दुधी भोपळासुद्धा कोणी घेत नाही. याला आम्ही शहाणपण म्हणतो. मोटारीच्या कर्जासाठी मात्र पाच बँकांत अर्ज टाका. प्रत्येक बँक सिबिलसारख्या संस्थेकडे चौकशी करणार, प्रत्येक चौकशीची नोंद होणार आणि ३०० ते ९०० मधला तुमचा आकडा थोडा घसरू शकणार. 'गृहस्थ फारच अडलेला दिसतो,' असा अर्थ निघतो! मग व्याज चढते, नाहीतर अर्जच परत येतो. अडलेल्याला कर्ज मिळत नाही, हे आम्हा कारकुनांचे जुने निरीक्षण आता यंत्रालाही पटले म्हणायचे.

म्हणून खिडकीशी आलेल्या एका काकांना म्हटले, "दर दहा ठिकाणी तोंडी विचारा, स्वतःचा आकडाही खुशाल पाहा, त्याने काही घसरत नाही. अर्जावर सही मात्र एकाच ठिकाणी."

काका म्हणाले, "म्हंजे भोपळ्याचा भाव इचारायचा, पण नख लावायचं नाही!"