संध्याकाळचे सोबती

वाचकहो, घरात विस्मरणाचा रुग्ण असेल तर संध्याकाळ कशी जाते, हे तुम्हांला वेगळे सांगायला नको. दिवसभर शांत असलेले माणूस दिवेलागणीला अस्वस्थ होते, येरझाऱ्या घालते आणि स्वतःच्याच घरात उभे राहून ‘मला घरी जायचंय’ म्हणू लागते. माझे यजमान चार वर्षांपासून या आजाराने ग्रस्त आहेत. त्यांनी आयुष्यभर शाळेत गणित शिकवले. अशा माणसाला संध्याकाळी दाराची कडी काढू न देणे, हेच माझे मुख्य काम होऊन बसले होते. मी कडी लावायची, त्यांनी काढायची आणि मग दोघांनीही चिडायचे.

आमचे घर रत्नागिरी जिल्ह्यातील एका खेड्यात आहे. पुढे अंगण आणि कडेला पाणी साठवण्याची जुनी दगडी डोण. एका जूनमध्ये, पहिला पाऊस पडून गेल्यावर, माझी नजर चुकवून हे बाहेर पडले. घाबरून शोधायला निघाले, तर ते पायरीवर बसलेले. पडवीच्या दिव्याखाली वाळवीची पाखरे पडत होती आणि एक गलेलठ्ठ भेक ती एकेक करून टिपत होता. हे त्याचे घास मोजत होते. ‘अगं, तेवीस झाले,’ ते मला म्हणाले. कित्येक महिन्यांनी त्यांचा आवाज असा स्वस्थ ऐकला.

भेक म्हणजे बेडकाचाच भाऊबंद. त्याची कातडी कोरडी आणि खरखरीत असते, अंगावर काळ्या टोकांच्या पुळ्या असतात. तो लांब उड्या मारत नाही. खुरडत, छोट्या उड्या घेत चालतो. त्याला शिवल्याने किंवा त्याच्या मुताने अंगावर चामखीळ येते, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ते खरे नाही. चामखीळ विषाणूंमुळे होते. मात्र त्याच्या डोळ्यांमागे ज्या दोन फुगीर ग्रंथी असतात, त्यांतून विषारी पांढरा चीक येतो. तो डोळ्यांत किंवा तोंडात जाता कामा नये. म्हणून भेक पाहावा, हाताळू नये. चुकून हात लागलाच तर साबणाने स्वच्छ धुवावा.

हे शहाणपण मला नंतर सुचले. यांना बाहेर जावेच लागू नये, या विचाराने दुसऱ्याच दिवशी मी हातमोजे घालून तो भेक पकडला आणि माशांच्या जुन्या काचपेटीत पडवीत ठेवला. माती, पाणी, किडे, सारे दिले. त्याने काही खाल्ले नाही. रात्रभर काचेवर नाक घासत राहिला. पाचव्या संध्याकाळी हे पेटीपुढे उभे राहिले आणि म्हणाले, ‘अगं, याला घरी जायचंय.’

मी काय बोलणार? त्याच रात्री त्याला डोणीजवळ सोडले. दुसऱ्या दिवशी दाराची वरची कडीही काढून टाकली.

मात्र दार उघडे ठेवायचे तर अंगण तसे हवे. फाटकाला कुलूप घातले. पायऱ्यांना कठडा बसवला, शेवाळ खरवडले आणि जड, हातांची खुर्ची फरशीवर ठेवली. भेकांसाठी एक फुटकी कुंडी सावलीत अर्धी पुरली, बागेत कीटकनाशक मारणे थांबवले आणि एक दिवा गुडघाभर उंचीवर लावला. एवढ्यावर तो भेक परतला आणि पाठोपाठ आणखी दोघे आले. मी कोणालाही पुन्हा पकडले नाही. तुम्हीही रानातील जीव घरात कोंडू नका, ही विनंती.

पुढच्या वर्षी मृगाच्या सरींनंतर रात्रभर नरांचे गाणे चालले. सकाळी डोणीत काळे मणी ओवल्यासारख्या अंड्यांच्या लांबलचक माळा दिसल्या. दोन-तीन दिवसांत त्यांतून शेपटीवाली काळी पिल्ले निघाली. दगडांवरचे शेवाळ आणि मी टाकलेली उकडलेल्या पालकाची पाने ती खात. महिन्याभरात पाय फुटून हरभऱ्याएवढे भेक बाहेर पडू लागले. त्यांना चढता यावे म्हणून आम्ही डोणीत दगडांचा उतार रचला होता. हजारोंतून जगतात थोडेच.

इथे एक इशारा देते. डेंग्यूचा डास मुख्यतः साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि ७ ते १० दिवसांत नवे डास तयार होतात. म्हणून डोणीत भेकांची अंडी नसतील तेव्हा मी दर आठवड्याला ती रिकामी करून घासते. अंडी दिसली की त्यावर मच्छरदाणीचे कापड घट्ट ताणून बांधते आणि पिल्लांना पाय फुटल्यावरच संध्याकाळी कड थोडी उघडते. नळाचे पाणी घालायचे झाल्यास एक दिवस उघडे ठेवून मगच घालते. दुसरी गोष्ट अशी, की भेकांमागे साप येऊ शकतात. दिवड व धामण बिनविषारी असतात. पण नागालाही भेक चालतो. त्यामुळे गवत कापलेले, पायांत बूट आणि हातात विजेरी हवीच. विस्मरणाच्या रुग्णाला तेथे एकटे सोडू नये.

भेक घास गिळताना डोळे मिटतो. डोळे आत ओढले जातात आणि घास पुढे सरकायला मदत होते. हे पाहून एकदा हे मला म्हणाले, ‘गोळी घेताना तूही अशीच करतेस.’ आम्ही दोघे खूप हसलो.

यामुळे आजार थांबला, असे मी म्हणणार नाही. यंदा त्यांना घास मोजता येत नाहीत; बारानंतर आकडे हरवतात. कधी मला ते ‘बाई’ म्हणतात. पण संध्याकाळी साडेसहाला हात धरून मी त्यांना खुर्चीत बसवते, दिवा लावते आणि आम्ही कुंडीकडे पाहत बसतो. एक तासभर ते घरी जायचे म्हणत नाहीत. मलाही तेवढाच वेळ रोज बसायला मिळतो. तुमच्या अंगणात भेक नसेल, गॅलरीत चिमणी असेल किंवा समोर एखादे झाड. रोज एकाच वेळी, एकाच जागी, दोघांनी मिळून बघावे असे काहीतरी शोधा. आणि तेथवर जाण्याची वाट आधी निर्धोक करून घ्या.