मुरुडशेंगेचे झुडूप

तान्ह्या बाळाच्या गुटीसाठी सहाणेवर उगाळतात ती पीळदार मुरुडशेंग तुमच्यापैकी अनेकांनी घरी पाहिली असेल. परंतु तिचे झुडूप पाहिलेला विद्यार्थी मला शिक्षकी पेशाच्या इतक्या वर्षांत विरळाच भेटला. आणि नवल असे, की ठाण्याजवळच्या येऊरच्या डोंगरात ते सहज आढळते! खेड्यांतील लोक त्यास केवण म्हणतात. त्याच्या सालीच्या वाखाचे ते पूर्वी दोर वळीत.

मलंगगडाच्या पायथ्याशी राहणाऱ्या एका शेतकऱ्याने आपल्या बांधावरच्या चार सुक्या शेंगा मला दिल्या. बी मोठे टणक; म्हणून ते रात्रभर कोमट पाण्यात भिजवले आणि मृगाच्या पावसात आमच्या डोंबिवलीच्या इमारतीमागील मुरमाड कोपऱ्यात पेरले. दोन रोपे जगली. पुढे त्यांना ना खत लागले, ना उन्हाळ्यात पाण्याची घागर. तिसऱ्या श्रावणात ती फुलली आणि फुलांमागोमाग शिंजीर आला.

मुठीत मावेल एवढा तो पक्षी. गळा जांभळा, पोट पिवळे, चोच बाकदार. या फुलातून एक लांब दांडा बाहेर डोकावतो व त्याच्या टोकाशी पराग असतात. मधासाठी शिंजीर चोच आत घालतो, तोच ते टोक त्याच्या माथ्याला लागते आणि परागांचा टिळा लावून स्वारी दुसऱ्या फुलाकडे निघते. मधाचे मोल असे नकळत चुकते होते! ताजे फूल तांबडे असते, शिळे झाले की निळसर राखी दिसते. पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांनी १९३२ साली भारतातील अशा मधुपायी पक्ष्यांवर व त्यांच्या फुलांवर एक विस्तृत लेख लिहिला होता. माझी प्रयोगशाळा मात्र स्वयंपाकघराच्या खिडकीएवढीच.

गेल्या वैशाखात इमारतीच्या मंडळींनी ‘रान’ म्हणून दोन्ही झुडपे बुंध्यापासून तोडविली. त्या श्रावणात शिंजीर आला, भिंतीवर क्षणभर बसला, चिवचिवला आणि निघून गेला. ते पाहताना मला चहा गोड लागला नाही.

परंतु केवण चिवट! पहिल्या पावसातच बुंध्यांना धुमारे फुटले होते. यंदा ती पुन्हा पुरुषभर उंच झाली असून फुलांनी लवली आहेत. कोपऱ्यात फरशी घालावी की काय, याचा निर्णय पौषातील सभेत व्हायचा आहे. “सर, शिंजीर सभेला आला तर चालेल का?” असे वरच्या मजल्यावरील एका सहावीतल्या मुलीने मला विचारले. तोवर शेंगा वाळतील. निम्म्या तिच्यासाठी काढून ठेवायचे मी कबूल केले आहे.