पश्चिमेची भिंत

शाळेला सुट्टी लागताच आम्ही भावंडं साताऱ्याहून एसटीने मेढ्याला गेलो. अब्बांच्या पश्चात घर विकायचं ठरलं होतं. फुटकी कौलं बदलली, भिंतींना चुन्याचा हात दिला, माळ्यावरची अडगळ काढली. घर एकदम मोठं वाटू लागलं! वेण्णा महाबळेश्वराहून इकडे येते, पाऊसही तिकडचाच. आमची पश्चिमेची भिंत दर पावसाळ्यात ओल धरते. मे महिन्यात मात्र कोरडीठाक. धाकटा म्हणाला, "कशाला सांगायचं?" अम्मीने ओलं धान्य ढिगाखाली ठेवणाऱ्या व्यापाऱ्याच्या हदीसची आठवण करून दिली. गिऱ्हाईक आलं तेव्हा आम्ही आधी तीच भिंत दाखवली. त्यांनी ५० हजार कमी सांगितले. अम्मीने चहा ठेवला.