अंधार किती ठेवायचा

वाईला आमच्यापासून चौथ्या घरात एक फोटो स्टुडिओ होता. पुढच्या खोलीत रंगवलेला पडदा, दोन मोठे दिवे आणि एक स्टूल. मागे न्हाणीघराएवढी डार्करूम. स्टुडिओवाल्या काकांना हाताखाली मुलगा हवा असायचा आणि मला त्या लाल दिव्याखाली उभं राहायचं असायचं. १९७४ साली, बारा वर्षांचा असताना, ट्रेमधलं पाणी बदलायचं आणि धुतलेले फोटो दोरीवर वाळत लावायचे एवढ्या कामावर मी तिथे जाऊ लागलो. थंडीत डेव्हलपर गार पडला की फोटो मलूल यायचे, म्हणून तो ट्रे कोमट पाण्याच्या परातीत ठेवायचा, हे माझं खास काम.

त्या दिवाळीत वडिलांनी त्यांच्या आग्फा क्लिक थ्रीने आईचा एक फोटो काढला. माजघरातून काढलेला. आई मागच्या दारात उभी, हात चौकटीला टेकलेला, आणि तिच्या पाठीमागे परसात भर दुपारचं ऊन. १२० चा रोल, बारा फोटो, त्यातला हा सातवा. काकांनी सरळ प्रिंट काढला तेव्हा परसातली तुळस छान आली आणि आईचा चेहरा काळाठिक्कर. मी हिरमुसलो. काकांनी नवा ब्रोमाइड पेपर घेतला, खणातून एक बारीक तार काढली. तारेच्या टोकाला रुपयाएवढी पुठ्ठ्याची चकती चिकटवलेली होती. एन्लार्जरचा दिवा लावून ते मोठ्याने आकडे मोजू लागले आणि मधले चार आकडे ती चकती आईच्या चेहऱ्यावर धरून हलवत राहिले. हलवत राहायची, नाहीतर कडा उमटतात. मग दोन्ही तळवे जोडून मधे एक भोक ठेवलं आणि त्या भोकातून परसाला थोडा जास्त उजेड पाजला. पेपर ट्रेमध्ये बुडाला आणि लाल उजेडात आई हळूहळू वर आली. चेहरा दिसत होता, पण अर्धा सावलीतच. “अजून उजळेल का काका?” मी विचारलं. ते म्हणाले, “एवढाच.” आणि फोटो पक्का करणाऱ्या हायपोत टाकला.

ते ‘एवढाच’ मला कळायला पंचेचाळीस वर्षं लागली.

काकांच्या स्टुडिओत उतरत्या काचेचं एक डेस्क होतं. दुपारी गिऱ्हाईक नसताना ते त्यावर निगेटिव्ह ठेवून टोकदार शिसपेन्सिलीने बारीक बारीक टिंबं देत बसत. निगेटिव्हवर पेन्सिल लागली की तेवढी जागा फोटोत उजळते, म्हणून पुरळाचे डाग, डोळ्यांखालची काळी वर्तुळं त्यांना सौम्य करता यायची. मुलीचे ‘दाखवायचे’ फोटो घ्यायला आलेले वडील हलक्या आवाजात सांगायचे, रंग जरा उजळ करा. काका मान डोलवायचे आणि आपल्या मनाप्रमाणेच करायचे. त्यांचा एक नेम होता: पुरळ घालवायचं, तीळ घालवायचा नाही. पुरळ आठवड्यात जातं, तीळ माणसाचा असतो. हा नेम त्यांनी कुठल्या पुस्तकात वाचला नव्हता.

पुढे शिक्षण, बँकेतली नोकरी, बदल्या. हातात रंगीत फिल्मचा कॅमेरा आला आणि डार्करूम सुटली. छत्तीस फोटोंचा रोल लॅबमध्ये द्यायचा, दोन दिवसांनी पाकीट आणायचं. त्या काळातली एक सल अजून आहे. त्रिपुरी पौर्णिमेला मी मुद्दाम वाईला गेलो होतो. कृष्णेच्या घाटावर पायरीपायरीवर पणत्या, पाण्यात त्यांच्या हलत्या रेघा, वर काळंशार आभाळ आणि त्यात ढोल्या गणपतीच्या देवळाची आकृती. तिपाई लावून अख्खा रोल काढला. लॅबमधून आले ते फोटो राखाडी-तपकिरी होते. आभाळ गढूळ, पणत्या पांढरट ठिपके. छपाईचं यंत्र प्रत्येक फोटोची सरासरी काढायचं आणि फोटो फार काळा दिसला की तो आपण होऊन उजळायचं. काळोख हाच त्या फोटोचा विषय आहे हे यंत्राला कळणार कसं? मी काउंटरवर सांगून पाहिलं. “निगेटिव्हच तशी आहे,” असं उत्तर मिळालं. निगेटिव्ह तशी नव्हती. पण आता चकतीची तार दुसऱ्याच्या हातात होती.

ती माझ्या हातात परत आली २०११ साली. निकॉनचा डी ३१०० घेतला, चौदा मेगापिक्सेलचा, आणि ‘फोटो एडिटिंग शिकायचं’ म्हणून पुण्यात आमच्या चौकातल्या अल्बम डिझाइन करणाऱ्या तरुणाकडे जाऊन बसलो. लग्नाचे करिझ्मा अल्बम करणारं दुकान ते. त्याचा हात कीबोर्डवर तबला वाजवल्यासारखा चालायचा. त्याने फोटोशॉप उघडलं. डावीकडे हत्यारांची उभी पट्टी. त्या पट्टीत एका चौकोनात काडीला लावलेली गोल चकती होती, आणि तिच्याच खाली दडलेल्या दुसऱ्या चौकोनात बोटं वळवून मधे पोकळी ठेवलेला हात.

मी त्याला थांबवलं. हे काय आहे, विचारलं. “डॉज आणि बर्न. हे उजळतं, ते काळं करतं. चित्रं अशी का आहेत माहीत नाही, काका.” मला माहीत होतं. ती वाईची तार होती आणि ते काकांचे तळवे होते.

नंतर कळलं की हा योगायोग नाही. फोटोशॉप ज्यांनी लिहिलं ते थॉमस आणि जॉन नोल हे भाऊ. त्यांच्या वडिलांची मिशिगनमधल्या घराच्या तळघरात डार्करूम होती आणि थॉमस तिथे फोटो धुवायला शिकला होता. १९९० च्या फेब्रुवारीत त्यांचं सॉफ्टवेअर बाजारात आलं, पण त्यातली बरीच हत्यारं तळघराच्या काळोखातून आली होती. ‘अनशार्प मास्क’ हे नावसुद्धा डार्करूमचंच: निगेटिव्हची एक धूसर प्रत करून ती मूळ निगेटिव्हला जोडायची आणि छापायचं, की कडा ठसठशीत होतात. धूसर करण्याच्या नावाचं बटण दाबून फोटो रेखीव का होतो, हे कोडं मला त्या दिवशी उलगडलं. तेव्हापासून सॉफ्टवेअरची मला कधी भीती वाटली नाही.

घरी मी गिंप हे सॉफ्टवेअर वापरायला लागलो, कारण ते फुकट होतं आणि चांगलं होतं. १९९५ साली बर्कलीतल्या स्पेन्सर किंबल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी ते लिहायला घेतलं होतं; आज जगभरचे लोक त्यात भर घालतात. लेयर आणि मास्क समजायला मला महिना लागला. फोटोवर दुसरा थर ठेवायचा, त्याला मास्क लावायचा. मास्कवर पांढरं फासलं की थर दिसतो, काळं फासलं की झाकला जातो. पाठ करून उपयोग झाला नाही. हीच पुठ्ठ्याची चकती आहे, फक्त आता ती हवी तेवढा वेळ धरता येते आणि चुकली तर पेपर वाया जात नाही, असं मनाशी म्हटलं तेव्हा हात आपोआप चालू लागला.

पण पेपर वाया जात नाही म्हणून हात सैलही सुटतो. काकांकडे एका फोटोला फार तर तीन पेपर. माझ्याकडे अमर्याद. २०१२ च्या सप्टेंबरात कासला गेलो. पठार नुकतंच जागतिक वारशाच्या यादीत आलं होतं. तेरडा आणि सोनकी भरात. घरी येऊन रंगांचा स्लायडर ओढला, सावल्यांचा ओढला, आणि फोटो पाहून मी खूश झालो. दोन दिवसांनी फोटो मोठा करून पाहिला तर तेरड्याच्या पाकळ्यांवरच्या शिरा नाहीशा झालेल्या. गुलाबी रंगाचा सपाट पत्राच. लाल रंगाचं माप २५५ ला जाऊन टेकलं होतं आणि टेकल्यावर त्यापुढे फरक उरत नाही. पाकळीची कड आणि पाकळीचा मध्य दोन्ही सारखेच. फुलाचं फूलपण त्या शिरांत होतं. मग मी हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, वाचायला शिकलो. त्या आलेखाचा डोंगर उजव्या भिंतीला चिकटला की तिथे काहीतरी मेलं आहे, हे समजायला लागलं.

रॉ फाइल, म्हणजे सेन्सरने मोजलेला उजेड जसाच्या तसा ठेवणारी फाइल, हा त्यापुढचा धडा, आणि माझ्या मते हौशी माणसाने सगळ्यात आधी शिकावा असा. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, माझ्या कॅमेऱ्याच्या रॉमध्ये ४०९६. मात्र त्या सारख्या वाटलेल्या नसतात. सेन्सर उजेड सरळ मोजतो, आपल्या डोळ्यासारखा सांभाळून घेत नाही. सर्वांत उजळ टप्प्याला २०४८ पायऱ्या जातात, उजेड निम्मा झाला की त्या टप्प्याला १०२४, मग ५१२, २५६, १२८. म्हणजे गडद सावलीच्या वाट्याला मूठभर. ती सावली सॉफ्टवेअरने वर ओढली की तिथे दाणे दिसतात, रंगीत चट्टे दिसतात. सॉफ्टवेअर उजेड निर्माण करत नाही. त्या क्षणी जेवढा उजेड आत आला तेवढाच ते वाटून देतं, आणि म्हणून एडिटिंग शिकल्याचा सगळ्यात मोठा फायदा मला कॅमेरा धरताना झाला. कुठे उजेड पुरेल, कुठे पुरणार नाही, हे बटण दाबायच्या आधी दिसायला लागलं.

सगळं हाताशी आल्यावर मी पुन्हा त्रिपुरीला वाईला गेलो. रॉमध्ये काढलं, रॉ-थेरपी या सॉफ्टवेअरमध्ये उघडलं. व्हाइट बॅलन्स आपोआप ठेवला तर पणत्या पांढऱ्या होऊ पाहतात, कारण यंत्राला पिवळेपणा हा दोष वाटतो. ज्योतीचा उजेड १९०० केल्विनच्या आसपासचा, उन्हाचा साडेपाच हजारांच्या. व्हाइट बॅलन्सचा आकडा मी उन्हाजवळ नेऊन ठेवला आणि ज्योती तेलातुपाच्या पिवळ्या झाल्या. आभाळाला हात लावला नाही. ते काळं होतं, काळं राहू दिलं. फक्त देवळामागचा उजेड कर्व्हची रेषा खाली ओढून थोडा उतरवताना तेव्हाच्या ८ बिटांच्या गिंपमध्ये त्यात पट्टे पडत. २०१८ ला २.१० आवृत्ती आली आणि ती अडचणही गेली. त्या रात्रीचा एक फोटो मोठा करून दिवाणखान्यात लावला आहे. पहिला छापून आणला तो फार काळा आला होता. लॅबची चूक नव्हती. माझ्या कॉम्प्युटरच्या पडद्याचा उजेड फार वाढवलेला होता आणि मी रात्री दिवा मालवून काम करायचो. आता पडदा मंद ठेवतो आणि खोलीत एक दिवा चालू असतो.

काय काढून टाकायचं हा प्रश्न मात्र सॉफ्टवेअर सोडवत नाही. १९८२ च्या फेब्रुवारीत ‘नॅशनल जिऑग्राफिक’ने उभ्या मुखपृष्ठात बसावेत म्हणून गिझाचे पिरॅमिड यंत्राने जवळ सरकवले होते, फोटोशॉपच्या आठ वर्षं आधी. त्यावर गदारोळ झाला आणि तो व्हायलाच हवा होता. आता पिरॅमिड सरकवायला मिनिट लागतं. वारीचे फोटो काढायला दिवे घाटात मी दरवर्षी जातो. वळणावर भगव्या पताका, पांढऱ्या टोप्यांची नदी, आणि चौकटीत नेमकी विजेची तार किंवा मोबाइल धरलेला एखादा माणूस. क्लोन करून दोन्ही घालवता येतात. मी घालवत नाही. सेन्सरवरच्या धुळीचा डाग घालवतो, लेन्सवर पडलेल्या पावसाच्या थेंबाचा ठिपका घालवतो. माणूस घालवत नाही. तो माणूस वारीचा आहे, माझ्या लेन्सवर पडलेला नाही. काकांचा तीळ आणि पुरळाचा नेम मला अजून पुरतो.

२०१९ मध्ये वाईचं घर आवरताना वडिलांच्या कपाटात पत्र्याचा डबा सापडला. त्यात निगेटिव्ह, बटरपेपरच्या पाकिटांत, पाकिटांवर वडिलांच्या अक्षरात महिना आणि साल. दारातल्या आईची निगेटिव्ह त्यात होती. १२० ची फिल्म घेणारा स्कॅनर मिळवला, सोळा बिटांत स्कॅन केलं, आणि आठ दिवस तेवढाच एक फोटो करत बसलो. फिल्मवरचं चांदीचं मीठ उदार असतं; काकांच्या त्या प्रिंटमध्ये न आलेलं कितीतरी निगेटिव्हमध्ये होतं. मास्क करून चेहरा उजळत गेलो. नथ दिसली. कपाळावरची चिरी दिसली. डोळे दिसले, कॅमेऱ्याकडे न बघता वडिलांकडे बघणारे. दाणे कमी केले, पदराच्या काठाचं विणकामसुद्धा मोजता येईल इतकं आणलं. आई जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. मी ताईला बोलावलं.

ताई बराच वेळ बघत राहिली. डोळ्याला पदर लावला. मग म्हणाली, “दिसतेय रे सगळी. पण आई दारात अशी दिसायची नाही. आपण आतून बघायचो ना, तेव्हा ती काळीच दिसायची. ऊन मागे असायचं. हाकेवरून कळायचं, आई आली.”

मी त्याच रात्री मास्क लावलेल्या थराची अपारदर्शकता शंभरावरून खाली आणायला लागलो. ऐंशी. साठ. चाळिसाच्या आसपास नथ गेली, तिची फक्त चमक राहिली. डोळे असल्याचं कळत होतं, दिसत नव्हते. तिथे थांबलो. मग जुन्या अल्बममधला काकांचा प्रिंट काढून शेजारी धरला. पिवळा पडलेला, कोपरा दुमडलेला. चेहऱ्यावरची सावली दोन्हींत एकसारखी होती.

तो फोटो ताईच्या घरी आहे, तिला हवा तसा. आठ दिवस उजळलेली फाइलही मी पुसलेली नाही, आणि मूळ स्कॅनला तर हातच लावलेला नाही. निगेटिव्ह नव्या पाकिटात घालून कोरड्या जागी ठेवली आहे.

जुने स्टुडिओ बंद होताहेत आणि त्यांच्या माळ्यांवरच्या निगेटिव्हची खोकी भंगारात जाताहेत. तुमच्या घरी असा एखादा डबा असेल तर तो टाकू नका. तुम्हाला सॉफ्टवेअर येत नसेल तरी चालेल, कुणाला तरी येईल. फक्त त्या माणसांना पाहिलेलं कुणी घरात असेपर्यंत ते काम करून घ्या. सावली कुठे थांबवायची, ते त्यांनाच सांगता येतं.