सतरा गाण्यांचा फरक

व्यापारी घरांत जमाखर्चाचा एक जुना दंडक आहे. रोजमेळात ४ आण्यांचा फरक आला, तरी तो सापडेपर्यंत वही मिटायची नाही. नव्या माणसास हा हट्ट वाटतो. खिशातले ४ आणे टाकून मोकळे व्हावे, असे त्याला वाटते. परंतु दिसणारा फरक आणि घडलेली चूक या दोन निराळ्या गोष्टी आहेत. एका बाजूस १००० रुपयांची आणि दुसऱ्या बाजूस ९९९ रुपये १२ आण्यांची चूक झाली, तर फरक ४ आण्यांचाच दिसतो. म्हणून जुनी मुनीम मंडळी फरकाच्या आकड्याला कधीच लहान म्हणत नसत.

हा दंडक वहीपुरताच उपयोगी आहे असे नाही. घरातील संगणकावर गाण्यांचा साठा ठेवणाऱ्या कुटुंबालाही तो कसा उपयोगी पडतो, हे सांगलीतील एका हळदीच्या अडत व्यापाऱ्यांच्या घरी नुकतेच दिसून आले.

प्रथम या सोयीविषयी थोडेसे. घरातील एका संगणकावर सर्व गाणी साठवायची, त्यावर एक सर्व्हर नावाची प्रणाली चालू ठेवायची आणि स्वयंपाकघर, दिवाणखाना, माडी अशा ठिकाणी ठेवलेल्या छोट्या यंत्रांनी वाय-फायवरून ती गाणी मागून घेऊन वाजवायची, अशी ही व्यवस्था. कोठार एक आणि पेढ्या अनेक, असे म्हटले तरी चालेल. अमेरिकेतील कॅलिफोर्नियामधल्या स्लिम डिव्हायसेस या छोट्या कंपनीने २००१ साली अशा प्रकारचे आपले पहिले यंत्र बाजारात आणले. २००३ साली त्यांचे ‘स्क्वीझबॉक्स’ आले. २००६ साली ही कंपनी लॉजिटेकने विकत घेतली आणि २०१२ च्या सुमारास त्या यंत्रांचे उत्पादन थांबले. कंपनीची इंटरनेटवरील साहाय्यक सेवाही २०२४ साली बंद झाली. मात्र सर्व्हरची प्रणाली मुक्त स्वरूपाची असल्याने जगभरातील हौशी जाणकारांनी ती जिवंत ठेवली आणि त्याच वर्षी तिला ‘लिरियन म्युझिक सर्व्हर’ असे नवे नाव दिले. मालाचा मालक दुकान बंद करून गेला, तरी ज्यांचे धान्य स्वतःच्या कोठारात होते त्यांची चूल पेटतच राहिली.

सांगलीच्या या घरात ही व्यवस्था थोरल्या मुलाने बसवली. २०१५ च्या दिवाळीच्या सुटीत त्याने घरातील सर्व कॅसेट एकेक करून संगणकावर उतरवल्या. कॅसेट पूर्ण लांबीची वाजू द्यावी लागते, घाई चालत नाही. त्यामुळे त्या कामात पुढच्या दोन सुट्याही गेल्या. त्यांत नाट्यपदे होती, भावगीते होती, जुनी चित्रपटगीते होती. आणि एका खोक्यात घरातल्या घरात मुद्रित केलेल्या कॅसेट होत्या. त्यांवर त्याच्या दिवंगत आईचा आवाज होता. नातवंडांसाठी म्हटलेले पाळणे, लग्नघरातील हळदीची गाणी, जात्यावरच्या ओव्या आणि सुनेला सांगितलेले मेतकुटाचे प्रमाण.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला. दुकान तळमजल्यावर, त्याच्या मागच्या खोलीत कॅसेटचे कपाट. पाणी ओसरल्यावर कपाटातून चिखलाने भरलेल्या फिती बाहेर काढाव्या लागल्या. संगणक माडीवर असल्याने वाचला. त्या दिवसापासून त्या आवाजाची जगात एकच प्रत उरली. ही गोष्ट घरातील कोणाच्याही ध्यानात आली नाही, कारण गाणी तर रोज ऐकू येत होती.

गेल्या पावसाळ्यात एके दिवशी ती ऐकू येईनाशी झाली. स्वयंपाकघरातील यंत्रावर ‘सर्व्हर सापडत नाही’ असा संदेश झळकू लागला. मुलगा नोकरीनिमित्त बंगळुरूला. घरी पंचाहत्तरीचे आण्णा आणि नववीत शिकणारी नात. मुलाने फोनवर सांगितले, “आण्णा, काही पुसू नका, काही नव्याने बसवू नका. हुंडी कुठे अडली ते आधी पाहू.” ही भाषा आण्णांना तत्काळ समजली. हुंडी वटली नाही तर ती लिहिणाऱ्यापासून स्वीकारणाऱ्यापर्यंतचा प्रत्येक टप्पा क्रमाने तपासायचा असतो. मधूनच कोठेतरी हात घातला तर घोळ वाढतो.

पहिला टप्पा, खुद्द पेढी उघडी आहे का? ज्या संगणकावर सर्व्हर आहे त्याच संगणकाच्या ब्राउझरमध्ये ‘लोकलहोस्ट’ आणि त्यापुढे ९००० हा क्रमांक टाकला की सर्व्हरचे पान उघडले पाहिजे. ते उघडले. म्हणजे सर्व्हर चालू होता. दुसरा टप्पा, रस्ता मोकळा आहे का? नातीने आपल्या मोबाइलवरून त्याच संगणकाचा घरातील पत्ता आणि ९००० हा क्रमांक टाकून पाहिला. पान उघडले नाही. दोष पेढीत नव्हता, रस्त्यावर होता, एवढे दोन मिनिटांत ठरले.

मग आठवले की आठवड्यापूर्वीच इंटरनेटवाल्याने जुना राउटर काढून नवा बसवला होता. यातून दोन गोष्टी घडल्या होत्या. एक, नव्या राउटरने संगणकाला नवा पत्ता दिला होता आणि यंत्र जुन्याच पत्त्यावर हाका मारीत होते. दुसरी अधिक महत्त्वाची. विंडोजने हे नवे जाळे ‘पब्लिक’, म्हणजे परक्या ठिकाणचे मानले होते आणि त्याच्या फायरवॉलने बाहेरून येणाऱ्या मागण्या अडवल्या होत्या. पहारेकऱ्याची यात चूक नाही. अनोळखी गावात दरवाजा बंद ठेवणे हेच त्याचे काम. जाळे ‘प्रायव्हेट’ केले, फायरवॉलमध्ये सर्व्हरच्या पानासाठी ९००० आणि यंत्रांशी बोलण्यासाठी ३४८३ हे क्रमांक मोकळे केले, राउटरमध्ये संगणकाचा पत्ता कायमचा राखून ठेवला. यंत्राला नव्या पत्त्याची ओळख करून देताच गाणी सुरू झाली.

अशा तक्रारींची इतर कारणेही ठराविक असतात. संगणक ठरलेल्या वेळी झोपी जातो आणि त्याबरोबर सर्व्हरही थांबतो. बाहेरून जोडलेल्या डिस्कचे अक्षर ‘डी’चे ‘ई’ होते आणि सर्व्हर रिकाम्या जागी गाणी शोधत बसतो. युनिकोडपूर्व फाँटमध्ये लिहिलेली मराठी नावे निरर्थक चिन्हांसारखी दिसतात. निवडक चित्रपटगीतांचा एकच संग्रह गायकागणिक फुटून दहा संग्रहांसारखा दिसतो. या सर्वांचे उपाय सोपे आहेत आणि त्यांत साठ्याला धोका नसतो.

बहुतेक घरांत प्रकरण येथेच संपले असते. आण्णांनी मात्र कपाटातून एक वही काढली. दरवर्षी पाडव्याला नव्या वह्यांचे पूजन झाले की घरातील सोने-नाणे, दस्तऐवज, विमापत्रे यांची नोंद करण्याची त्यांची पद्धत होती आणि मुलाने सांगितल्यावरून त्यांनी त्यात गाण्यांची एकूण संख्याही लिहिली होती. वहीत ४३१८ असा आकडा होता. सर्व्हरच्या पानावर ४३०१ दिसत होता. फरक १७.

मुलगा म्हणाला, “पुन्हा एकदा स्कॅन करा, येतील.” स्कॅन म्हणजे सर्व्हरने सर्व साठा फिरून नव्याने यादी करणे. जुनी यादी पुसून संपूर्ण स्कॅन केले. आकडा ४३०१ च राहिला. “सतरा गाण्यांनी काय होतंय, आजोबा?” नातीने विचारले. आण्णा म्हणाले, “बाळ, सतरा किती ते नको बघू. कोणती ते बघ.”

कोणती, हे सर्व्हरच्या नोंदवहीत, म्हणजे त्याच्या ‘लॉग’मध्ये लिहिलेले होते. स्कॅन करताना जी फाइल वाचता आली नाही तिचे नाव तेथे नोंदले जाते. सतराही नावे एकाच कप्प्यातील निघाली, ‘घरगुती’ या कप्प्यातील. त्यांतील एक फाइल दुसरीकडे उतरवून पाहिली, तेव्हा संगणकाने ‘सायक्लिक रिडंडन्सी चेक’ची चूक दाखवली. डिस्कवर लिहिलेले आणि डिस्कवरून वाचलेले यांचा मेळ बसत नाही, असा त्याचा अर्थ. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ‘स्मार्ट’ या नावाने ठेवीत असते. ती उघडून पाहिली, तर वाचता न येणाऱ्या जागांची संख्या वाढत चाललेली दिसली. डिस्क शेवटच्या घटका मोजत होती. राउटर बदलला नसता, तर हे कोणाला कळलेही नसते.

मुलाने त्याच क्षणी संगणक बंद करण्यास सांगितले. हा निर्णय महत्त्वाचा होता. आजारी डिस्कवर पुन्हा पुन्हा स्कॅन करणे म्हणजे धापा टाकणाऱ्या माणसाला जिना चढायला लावण्यासारखे आहे. प्रत्येक वाचनासरशी तिचे आयुष्य कमी होत जाते. पुढच्या शनिवारी तो स्वतः सांगलीस आला. नवी डिस्क जोडली आणि ‘डीडीरेस्क्यू’ नावाच्या विनामूल्य साधनाने जुनीची नक्कल सुरू केली. हे साधन अडलेल्या जागी हुज्जत घालत बसत नाही. जे सहज वाचता येते ते आधी उतरवून घेते, अवघड जागांची नोंद ठेवते आणि मग त्यांकडे पुनःपुन्हा वळते. वसुलीचा अनुभव असलेल्यांना ही रीत परिचित वाटेल. आधी सरळ गिऱ्हाइके, मग थकबाकीदार.

रविवारी रात्रीपर्यंत सतरांपैकी बारा फाइली पूर्ण मिळाल्या. पाच राहिल्या. येथे आणखी एक तपासणी झाली आणि ती या साऱ्या हकिकतीतील सर्वांत शिकवणारी आहे. स्कॅन करताना सर्व्हर फाइलचा मुख्यतः प्रारंभीचा, नाव-गाव लिहिलेला भाग वाचतो. आत शेवटपर्यंत आवाज शाबूत आहे की नाही, हे त्याला ठाऊक नसते. तेरीज जुळली म्हणून खाती बिनचूक ठरत नाहीत, त्यातलाच हा प्रकार. सुदैवाने मुलाने आवाज ‘फ्लॅक’ या पद्धतीने साठवला होता. त्या पद्धतीत मूळ ध्वनीचा कोणताही अंश गाळला जात नाही आणि प्रत्येक फाइलमध्ये त्या ध्वनीची एक आकडेमोडीची खूणही जपलेली असते. ती खूण पुन्हा काढून ताडून पाहता येते. सर्व फाइली अशा ताडल्या, तेव्हा यादीत धडधाकट दिसणाऱ्या आणखी दोन फाइली आतून तुटलेल्या निघाल्या. फरक सतराचा दिसत होता, नुकसान एकोणीस फाइलींचे होते.

उरलेल्या सात फाइलींसाठी सोलापूरला दिलेल्या लेकीला फोन गेला. काही वर्षांपूर्वी माहेरी आली असता तिने आईचा आवाज म्हणून काही मुद्रणे पेन ड्राइव्हवर नेली होती. “आण्णा, मी सगळं नाही नेलं,” ती म्हणाली, “मला जे ऐकायचं होतं तेवढंच नेलं.” तिच्याकडे सातांपैकी सहा निघाल्या. पाळणे मिळाले, हळदीची गाणी मिळाली. न मिळालेली सातवी फाइल मेतकुटाच्या प्रमाणाची होती. तिचा पूर्वार्ध जुन्या डिस्कवरून वाचता आला, उत्तरार्ध गेला.

या हकिकतीतून घ्यायचा बोध यंत्रापुरता पाहिला तर थोडक्यात सांगता येईल. जे पुन्हा मिळणार नाही त्याच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक तरी दुसऱ्या गावी असावी. हा नियम जाणकारांत सर्वमान्य आहे. बाजारात विकत मिळणारी गाणी उद्या पुन्हा मिळतील, त्यांची चिंता नसावी. घरातील माणसांचे आवाज मात्र वेगळ्या कप्प्यात ठेवून त्यांची निगा आधी राखावी. वर्षातून एकदा केवळ संख्या न मोजता प्रत्येक फाइल आतून ताडून पाहावी. आणि बंद पडलेली गोष्ट सुरू झाली एवढ्यावर समाधान मानू नये, पूर्वी होते तेवढे सर्व आहे का, हेही विचारावे.

त्या घरी आता तशी व्यवस्था झाली आहे. एक प्रत माडीवरील संगणकात, दुसरी बँकेच्या लॉकरमधील डिस्कवर, तिसरी सोलापूरला लेकीकडे. पाडव्याच्या वहीत गाण्यांच्या आकड्याशेजारी ‘ताडून पाहिले’ असा रकाना वाढला आहे आणि तो भरण्याचे काम नातीकडे आहे. मेतकुटाच्या नोंदीपुढे तिने ‘अपूर्ण’ असा शेरा लिहून ठेवला आहे. सून मेतकूट करावयास बसली की ती फाइल लावते. हरभऱ्याची डाळ, तांदूळ, उडदाची डाळ इथपर्यंत सासूबाईंचा आवाज सांगत जातो. पुढचे सारे ती अंदाजाने घालते.