मेहेर सातशे हाली

मराठवाड्यातल्या जुन्या मुस्लीम घरांत वय विचारले तर सन सांगत नाहीत. ‘पोलीस ॲक्शनच्या आधीचा’, ‘पोलीस ॲक्शनमध्ये पोटात होता’ असे सांगतात. माझ्या दादीचा निकाहही याच हिशेबातला. ‘ॲक्शननंतर, बकरी ईद झाल्यावर, मोहरमचा चांद दिसायच्या आत.’ कॅलेंडर लावून पाहिले तर तो ऑक्टोबर 1948 चा शेवट येतो.

13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि 17 तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली. मेजर जनरल जे. एन. चौधरी लष्करी गव्हर्नर झाले. पुढचे सव्वा वर्ष तिथला कारभार लष्कराच्या हाती होता. रझाकारांनी गावेच्या गावे छळली होती. त्यामुळे माझ्या हिंदू मित्रांच्या आजोबांसाठी ती मुक्ती होती, आणि ती खरीच होती. पण लातूरच्या कासीम रझवीच्या पापाचा हिशेब ज्यांच्याकडून वसूल झाला, त्यांतल्या कित्येकांनी रझाकाराचा गणवेश कधी अंगावर घातलाही नव्हता. केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने किमान 27 ते 40 हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज दिला. काही ठिकाणी लुटीत सैनिक आणि पोलीसही सामील होते, असेही तिने नोंदवले. तो अहवाल अनेक दशके दडपून ठेवला गेला.

अशा दिवसांत दादीचे लग्न झाले. ती वैजापूरची, दादा येवल्याचे विणकर. आज मध्ये फक्त जिल्ह्याची हद्द आहे. तेव्हा येवला मुंबई प्रांतात, वैजापूर निजामाकडे, आणि मध्ये करोडगिरीचा नाका. लग्न पुढे ढकला, असे सगळे म्हणत होते. दादीच्या वालिदांनी ऐकले नाही. ‘उद्या मी असेन की नाही, कुणी सांगावे? मुलगी हवाली करून मोकळा होतो,’ असे ते म्हणाले.

वरात नऊ माणसांची. बाजा नाही, रोषणाई नाही. दादी सांगायची, ‘मेंदी लगी, पर गाना कोई नै गाया.’ निकाह जोहरच्या नमाजनंतर उरकला, कारण अंधार पडायच्या आत गाड्या येवल्याच्या वाटेला लागायला हव्या होत्या. दादांच्या शेजारच्या मागावर विणणारा एक हिंदू कारागीर पुढच्या गाडीत बसला होता. गाव आले की तो खाली उतरून पुढे चालायचा. कुणी हटकले तर ‘आमच्या घरचे लग्न आहे’ म्हणायचा. मुस्लीम विणकरांना वाचवण्यासाठी हिंदू विणकर उभे राहिले, काहींनी जीवही दिला, अशी नोंद सुंदरलाल अहवालात आहे. ती वाचताना मला हाच माणूस दिसला. निकाहनाम्यावर दोन साक्षीदारांची नावे आहेत. त्याचे नाही.

तो उर्दू निकाहनामा आमच्या नाशिकच्या घरी आहे. त्यावर मेहेर लिहिला आहे, सातशे रुपये, सिक्का उस्मानिया, म्हणजे लोकांच्या बोलीतला हाली रुपया. भारतीय रुपयाला कलदार म्हणत. सात हाली म्हणजे सहा कलदार. पुढे हाली चलनातून गेला. दादांनी मेहेर चुकता केला तेव्हा हिशेबाने सहाशे कलदार होत होते. त्यांनी सातशे मोजले. ‘राज्य बदलले म्हणून बायकोचा हक कमी होत नाही,’ एवढेच म्हणाले. दादीने त्या पैशांतून एक माग घेतला, स्वतःच्या नावाचा.

2023 मध्ये मुक्तिसंग्रामाची 75 वर्षे साजरी झाली. त्याच ऑक्टोबरात आम्ही भावंडांनी दादा-दादीच्या निकाहाची 75 वर्षे केली. फातेहा दिली, बिर्याणी केली. त्या विणकराच्या नातवंडांनाही बोलावले, ती आली. घरातल्या काहींना हे पटले नव्हते. ‘लोक म्हणतील, मुक्तिदिनाला सुतक पाळतात,’ अशी त्यांना भीती होती. मी म्हणालो, आपण सुतक पाळत नाही, लग्न साजरे करतो आहोत. 17 सप्टेंबरचा झेंडा माझाही आहे. पण त्या झेंड्याखाली उभे राहण्यासाठी दादीची ती बिनगाण्याची मेंदी विसरण्याची अट कुणी घालू नये.

आपल्याही घरी पेटीच्या तळाशी असा एखादा कागद असेल. तो काढा, मुलांना वाचून दाखवा. आणि ज्यांची नावे त्यावर लिहायची राहून गेली, तीही सांगा.