मागच्या दाराचं कुलूप



दशलक्षण पर्व झालं, क्षमावाणी झाली. सगळ्यांची हात जोडून क्षमा मागितली, पण एक कबुली तेवढी राहून गेली. ती आज इथं देते.

मागच्या वर्षी आमच्या मंदिराशेजारच्या सभागृहाचं मागचं दार कुलूप लावून बंद करायला लावणारी मीच होते. रात्रीच्या कार्यक्रमाच्या वेळी त्या दाराबाहेरून चपला जायच्या. तीन दिवसांत चार जोड गेले, त्यात माझ्या जाऊबाईंचे नवे सँडल. मी मंडळाच्या काकांना म्हटलं, लावा कुलूप. त्यांनी लावलं आणि किल्ली घरी नेऊन ठेवली. दारापुढे जास्तीच्या खुर्च्यांची चळत रचली. आत अडीचशे माणसं, त्यातली निम्मी लेकरं आणि म्हाताऱ्या बायका. व्यासपीठाला जुन्या सिंथेटिक साड्यांचे पडदे, त्यामागे राजुल झालेली माझी नात, आणि पुढं आरतीचे १०८ दिवे. किती छान दिसतंय, एवढंच माझ्या मनात आलं होतं.

या मे महिन्यात लेकीकडे शिकागोला गेले. तिथं वाचनालय असो की दवाखाना, बाहेरच्या दाराला कमरेच्या उंचीवर एक आडवी दांडी. अंग टेकलं तरी दार बाहेर उघडतं. मी लेकीला विचारलं, "हे कशाला गं?" ती मला एका संध्याकाळी रँडॉल्फ स्ट्रीटवर घेऊन गेली. तिथं एक मोठं नाट्यगृह आहे. त्याच जागेवर पूर्वी इरोक्वॉय नावाचं थिएटर होतं. ३० डिसेंबर १९०३ ची दुपार, नाताळची सुट्टी, प्रेक्षकांत बहुतेक बाया आणि मुलं. थिएटर उघडून जेमतेम पाच आठवडे झालेले, आणि जाहिरातीत लिहिलेलं की ही इमारत मुळीच जळणार नाही. रंगमंचावरच्या दिव्याची ठिणगी पडद्याला लागली. आग अडवणारा मोठा पडदा सोडला तर तो मध्येच अडकला. ६०० हून जास्त माणसं गेली.

मला धक्का बसला तो पुढच्या गोष्टीनं. तिथल्या जिन्यांवर लोखंडी जाळीची दारं होती आणि ती कुलपं लावून बंद होती. का, तर स्वस्त तिकिटाची माणसं खाली येऊन महागड्या खुर्च्यांवर बसू नयेत! काही दारं पडद्यांमागे लपलेली, काहींच्या कड्या कशा उघडतात तेच कुणाला कळेना, काही आतल्या बाजूला उघडणारी. आता आतल्या बाजूला उघडणारं दार म्हणजे काय, ते आपण लग्नात जेवणाच्या पंगतीला पाहतोच. मागून रेटा आला की पुढच्याला दार ओढायला जागाच राहत नाही. त्या खेळाला जाणार असलेला पण कामामुळे राहून गेलेला कार्ल प्रिन्झलर नावाचा एक माणूस होता, कुलपं-बिजागऱ्यांच्या धंद्यातला. त्याच्या मनानं हे घेतलं, आणि त्याच्या खटपटीतून ती दांडी आली.

मला त्या रस्त्यावर उभ्या उभ्या आमच्या चपला आठवल्या.

परदेशातलंच कशाला? दिल्लीचं उपहार सिनेमागृह तुम्हाला आठवत असेल. १३ जून १९९७, 'बॉर्डर'चा पहिला दिवस. तळमजल्यावरचा ट्रान्सफॉर्मर पेटला, धूर जिन्यानं बाल्कनीत चढला. जास्तीच्या खुर्च्या घालून वाट अरुंद केलेली, एक वाट तर पार बुजवलेली. ५९ माणसं गेली, ती बहुतेक धुरानं गुदमरून. हरियाणात डबवालीला २३ डिसेंबर १९९५ ला शाळेचं बक्षीस समारंभ होतं. सिंथेटिक कापडाचा मंडप, बाहेर पडायला एकच दार. वरचं कापड वितळून पेटते थेंब लेकरांच्या अंगावर पडले. ४०० हून जास्त गेले. आपले पंचकल्याणकाचे मंडप कसल्या कापडाचे असतात, कुणी कधी विचारलंय?

सासूबाई गॅस पेटवण्याआधी बर्नर मऊ कुंचल्यानं झाडायच्या. एखादी मुंगी असेल तर? मीही झाडते. अग्निकायिक जीवांचा विचार करून दिवा उगाच जळत ठेवत नाही. आणि तीच मी अडीचशे माणसांमागचं दार बंद करून निवांत बसले होते. प्रमाद म्हणतात तो हाच की.

या वर्षी पर्वाच्या आधीच काकांकडे गेले. म्हटलं, कुलूप काढा. ते हसले, "ताई, तुम्हीच लावायला लावलं होतंत ना?" हो म्हटलं, मीच. आता मीच काढायला सांगते. मग चपलांचं काय, हा प्रश्न आलाच. शेवटी ठरलं, रोज दोघीजणी दाराशी बसायच्या, दार नुसतं लोटलेलं ठेवायचं. खुर्च्यांची चळत उचलताना कळलं की मागं अग्निशामक नळकांडं आहे, आणि त्याची मुदत चार वर्षांपूर्वीच संपलीय! नवं आणलं. महिला मंडळातल्या प्रत्येकीनं ते एकदा हातात धरून पाहिलं, पिन कुठली ओढायची ते शिकलो. पडदे सुती लावले, जरा फिके दिसले. आरतीचे दिवे व्यासपीठावरून काढून फरशीवर, मोठ्या परातीत पाणी घालून ठेवले. एका काकूंना ते रुचलं नाही, त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

दार मात्र अजून आतच उघडतं. बाहेर पायरी आडवी येते म्हणून ती फोडून बिजागऱ्या उलट्या बाजूला बसवाव्या लागणार. सुतार दसऱ्यानंतर येतो म्हणालाय. वर्गणी जाऊबाईंनी सुरू केली. त्यांचे सँडल अजून सापडलेले नाहीत.